आपोआप बरं झालं तरी डॉक्टरांकडे जायचं का?

प्रिय सिस्टर,

मी ५३ वर्षांची आहे. घरात मी, हे (वय ५८), मधुमेह असलेल्या सासूबाई, आणि मुलगी-जावई नोकरीला जातात म्हणून दिवसभर माझ्याकडे असणारा चार वर्षांचा नातू. घरात मला सगळे घाबरट म्हणतात. मागच्या महिन्यात नातवाला ताप आला, १०२ च्या वर गेला. मी चार दिवसांत तीनदा डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिन्ही वेळा एकच उत्तर, व्हायरल आहे, उतरेल. आणि उतरलाच. तेव्हापासून मी काही बोलले की मुलगी म्हणते, ‘आई, उठसूट दवाखाना नको.’

यांचं अगदी उलट. बीपीची गोळी चार महिन्यांपूर्वी स्वतःच बंद केली, बरं वाटतंय तर कशाला म्हणून. परवा सकाळी शर्टाची बटणं लावताना यांच्या उजव्या हाताची बोटं ऐकेनात, बोलणंही जरा जड झालं. मी लगेच दवाखान्यात चला म्हणून मागे लागले. दहा-बारा मिनिटांत सगळं ठीक झालं आणि हे कामाला गेलेसुद्धा. संध्याकाळी माझीच थट्टा. सासूबाईंचं तिसरंच. त्यांच्याकडे उरलेल्या गोळ्यांचा डबा आहे, ज्याला जे दुखेल त्याला त्यातली एक.

कधी जायचं आणि कधी घरी थांबायचं, याचा काही नियम आहे का?

– एक घाबरट

ता. क. माझं स्वतःचं विशेष काही नाही. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, मध्ये एकदा थोडा डाग दिसला. वयाचं असेल.

*

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि छापायची वाट न बघता त्याच दुपारी तुम्हाला निरोप धाडला: यांना आजच्या आज, मेंदूचं स्कॅन होईल अशा रुग्णालयात न्या, गाडी त्यांना चालवू देऊ नका. तुमचं उत्तर आलं, हे गेले, तपासण्या सुरू आहेत. पुढचं तिथले डॉक्टर बघतील. ही सही मात्र खोडून टाका. त्या सकाळी तुमच्या घरात ज्या एका माणसाचं बरोबर होतं, ते तुम्ही होतात.

बाकीच्या वाचकांसाठी सांगते, असं काय होतं त्या बटणांमध्ये.

मेंदूकडे जाणाऱ्या एखाद्या रक्तवाहिनीत बारीक गुठळी अडकते. त्या भागाचं काम थांबतं. उजवा हात आणि बोलणं एकदम बिघडलं, तर बहुतेकदा गडबड मेंदूच्या डाव्या बाजूला असते. मग गुठळी विरघळते किंवा पुढे सरकते आणि माणूस होता तसा होतो. डॉक्टर याला टीआयए म्हणतात, ट्रान्झिएंट इस्केमिक अटॅक. लोक म्हणतात, ‘थोडा वेळच झालं होतं.’ हे ‘थोडा वेळच’ फार महाग पडतं, कारण खरा पक्षाघात यायचा असेल तर तो पुष्कळदा लगेच मागोमाग येतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात टीआयएनंतर तीन महिन्यांत साधारण दहांपैकी एकाला पक्षाघात झाला, आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांतच.

पण याची दुसरी बाजू फार कमी लोकांना ठाऊक असते. ऑक्सफर्डमध्ये झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. टीआयए किंवा सौम्य पक्षाघात झालेल्यांची तपासणी आणि औषधं तातडीने सुरू केली, तेव्हा तीन महिन्यांत पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. औषधं काही नवीन जादूची नव्हती. रक्त पातळ ठेवायची, बीपीची, कोलेस्टेरॉलची, हीच. फक्त वेळेवर मिळाली.

म्हणून चेहऱ्याची एक बाजू ओघळणं, एक हात किंवा पाय एकाएकी लुळा पडणं, शब्द अडखळणं किंवा भलताच शब्द तोंडून येणं, एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं होणं, अचानक तोल जाणं, यातलं काहीही झालं की घड्याळ बघायचं. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ लिहून ठेवायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात आणि ते तास त्या वेळेपासून मोजतात. रात्री झोपताना ठीक आणि पहाटे हात उचलेना, तर मोजणी झोपण्याच्या वेळेपासून होते. अशा वेळीही जायचंच, कारण स्कॅन बघून काहींना नंतरही उपचार देता येतात. तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नाही, गिळण्याचे स्नायू ढिले पडलेले असू शकतात, ठसका लागून पाणी फुप्फुसात जातं. आणि कुणी ऐकीव माहितीवर ॲस्पिरिन पुढे केली तर ती बाजूला ठेवा. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. रक्तस्राव असेल तर ती गोळी आगीत तेल.

आता तुमचा नियम.

मी सव्वीस वर्षं एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत काढली. तिथे नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते: ओरडणारा पेशंट दोन मिनिटं थांबू शकतो, त्याचा श्वास चालू आहे हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळतं. जो गप्प बसलाय त्याच्याकडे आधी बघ. एका रात्री मुतखड्याचा एक तरुण स्ट्रेचरवर लोळत होता, सगळा मजला जागा केला होता त्याने. त्याच वेळी बाकड्यावर एक साठीचे गृहस्थ शांतपणे बसले होते. मला म्हणाले, ‘ॲसिडिटी झालीय, एखादी गोळी द्या, जातो.’ त्यांची कॉलर घामाने गळ्याला चिकटली होती, पंखा थेट डोक्यावर असताना. आणि बोलता बोलता ते हाताने जबडा चोळत होते. मी गोळी आणायला न जाता ईसीजीचं यंत्र ओढत आणलं. हार्ट अटॅक होता. मुतखडा दोन दिवसांत घरी गेला, हे आठ दिवस राहिले.

तेव्हा ‘किती दुखतंय’ हा माझा पहिला प्रश्न कधीच नसतो. दुखणं महत्त्वाचं आहे, त्यावर उपाय करायलाच हवा, पण आजार किती गंभीर आहे याचं ते मोजमाप नाही. मी आधी विचारते, कसं सुरू झालं? दोन दिवस हळूहळू चढत गेलेली डोकेदुखी वेगळी, आणि मिनिटाभरात टोकाला पोचलेली, ‘आयुष्यात अशी कधी झाली नव्हती’ अशी डोकेदुखी वेगळी. दुसरीला रात्री अडीच वाजता न्यायचं, सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही. मग विचारते, काही बंद पडलंय का? हात, बोलणं, नजर, लघवी, शुद्ध, एका वाक्याला पुरेल एवढा श्वास. पाठ भरली म्हणून माणूस वाकडा चालत असेल तर सहसा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मोकळा होतो, झोपून राहण्यापेक्षा थोडं चालत राहिला तर लवकर. पण पाठ दुखतेय आणि त्याच्या जोडीला बसताना टेकणारा मांड्यांमधला भाग बधिर झालाय, किंवा लघवी अडलीय, सुटतेय, तर मणक्याच्या तळाच्या नसा दबल्याची शक्यता असते आणि ते त्याच दिवसाचं काम आहे. शेवटी बघायचं ते वळण. कमी होतंय, तसंच आहे, की रूप पालटतंय? अपेंडिक्सचं दुखणं पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडे खाली उतरतं. सकाळी बोटाने दाखवलेली जागा संध्याकाळी बदलली, तर ती तुमच्या लक्षात राहायला हवी.

छातीबद्दल वेगळं सांगते, कारण ‘गॅस’ या शब्दाने मी डोळ्यांदेखत माणसं गेलेली पाहिली आहेत. छातीवर दाब किंवा आवळल्यासारखं पंधरा मिनिटांच्या वर राहिलं, हातात, जबड्यात, पाठीत गेलं, सोबत घाम किंवा मळमळ असेल, तर आधी ईसीजी, मग गॅस. तुमच्या सासूबाईंसाठी हे आणखी नीट लक्षात ठेवा. मधुमेह असलेल्यांना, वय झालेल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसती धाप, एकाएकी आलेला गळाठा, पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थ वाटणं, एवढंच. तसंच म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला तर दरवेळी ताप येईलच असं नाही. काल घरातल्या सगळ्यांची नावं धडाधड घेणाऱ्या सासूबाई आज तुम्हाला मुलगी समजून हाक मारायला लागल्या, तर ‘वय झालं’ म्हणू नका. एका दिवसात कुणाचं वय होत नाही.

नातवाच्या तापाबद्दल मी मुलीची बाजू घेते, थोडीशी. तुमची चूक झाली नाही, पण तुम्ही थर्मामीटरकडे बघत होतात आणि बघायचं होतं नातवाकडे. ९८.६ हा आकडा जर्मन डॉक्टर वुंडरलिख यांनी १८६८ साली रूढ केला. अमेरिकेत १९९२ मध्ये निरोगी माणसांचं तापमान पुन्हा मोजलं तेव्हा सरासरी ९८.२ आली, आणि दिवसभरात एकाच माणसाचं तापमान अर्धा-एक अंश इकडेतिकडे होतंच. १००.४ च्या वर ताप धरतात. पण १०२ चा ताप १०१ पेक्षा जास्त वाईट असतोच असं नाही. ताप ही शरीरानेच लावलेली शेगडी आहे, ज्योत किती मोठी यावरून आत काय शिजतंय ते कळत नाही.

मग नातवाकडे काय बघायचं? औषधाने ताप थोडा उतरला की तो उठून बसतो का, खेळण्यासाठी भांडतो का, पाणी पितो का, दिवसभरात लघवी किती वेळा झाली. रडताना डोळ्यांत पाणी येतं ना. हे सगळं ठीक असेल तर १०२ ला घरी थांबता येतं. उलट ९९ आहे पण पोरगं मलूल पडलंय, हाक मारली तर डोळे उघडून परत मिटतंय, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, मान पुढे वाकवेना, किंवा अंगावर असे लाल-जांभळे ठिपके उठलेत जे पारदर्शक काचेचा पेला दाबून धरला तरी फिके होत नाहीत, तर आकडा गेला खड्ड्यात, ताबडतोब निघा. ताप पाच दिवसांवर गेला, किंवा एक-दोन दिवस पूर्ण उतरून पुन्हा चढला, तरी दाखवायचं. आणि घरात तीन महिन्यांच्या आतलं बाळ आलं तर हे सगळं विसरा. त्याला १००.४ म्हणजे थेट डॉक्टर, खेळतंय की नाही हे बघत बसायचं नाही.

तापात झटके येतील ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण तीनदा धावलात त्यामागे तीच असणार. सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना असे झटके येतात. बघवत नाहीत, पण बहुतेक पाच मिनिटांच्या आत थांबतात आणि मेंदूला इजा करून जात नाहीत. कुशीवर वळवायचं, तोंडात बोट किंवा चमचा घालायचा नाही, वेळ बघायची. पाच मिनिटं उलटली तर रुग्णवाहिका. पहिल्यांदाच आला असेल तर लवकर थांबला तरी त्याच दिवशी दाखवायचं.

सासूबाईंचा डबा. त्यांच्याशी भांडू नका, एका दुपारी दोघी मिळून तो उलटा करा. अर्ध्या पट्टीतून उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या नक्की निघतील. सर्दी, बहुतेक घसादुखी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, त्यावर अँटिबायोटिक काहीच करत नाही. आणि जिथे ते लागतं तिथे चार गोळ्या म्हणजे जंतूंना मारण्याऐवजी तालीम देणं. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणातच ही धोक्याची घंटा वाजवून ठेवली आहे. दुसरी गंमत पॅरासिटामॉलची. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची वेगळी असं समजून माणूस तिन्ही घेतो आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचली तर तिघींतही पॅरासिटामॉल. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही सर्व मिळून कमाल मर्यादा. वजन कमी असलेल्यांना, यकृत नाजूक असलेल्यांना किंवा रोज दारू घेणाऱ्यांना त्याहून कमी. नातवाचा डोस मात्र वयाच्या अंदाजाने न देता डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या डब्यात असतील तर त्या यांच्यापासून लांब. बीपी वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात.

यांच्या बीपीच्या गोळीबद्दल एवढंच: बरं वाटत होतं ते गोळी चालू होती म्हणून नव्हे, आणि बंद केल्यावरही बरंच वाटलं ते बीपी गेलं म्हणूनही नव्हे. बीपी वाढलेलं सहसा कळतच नाही. डॉक्टरांना खरं सांगा, ‘चार महिने घेतली नाही.’ ते लपवलं तर डॉक्टरांना वाटेल गोळी चालू असूनही बीपी एवढं आहे, आणि ते डोस वाढवतील.

तुम्ही निरोपात लिहिलंत की हे तयार कसे झाले. ‘तुम्हाला काही झालंय म्हणून नाही, मला रात्री झोप येत नाही म्हणून चला.’ हा वाद टाळण्याचा उत्तम रस्ता आहे. आजारी आहेस असं म्हटलं की माणूस वकिलासारखा उभा राहतो. माझ्यासाठी चल म्हटलं की चपला शोधतो. माझ्या नवऱ्यावर मी हे तीनदा वापरलंय, चौथ्यांदा त्याने ओळखलं.

दवाखान्यात गेल्यावर बोलायचं कसं, हेही शिकायला हवं. १९८४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात पेशंट बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्येच तोडतात असं दिसलं होतं. डॉक्टरांवर राग काढण्यात अर्थ नाही, बाहेर रांग असते. पण आपण काय करतो? हवापाणी, प्रवास, परवाची दगदग इथून सुरुवात करतो आणि जी गोष्ट मनाला खात असते ती उठताना, दाराच्या कडीवर हात ठेवून सांगतो. ‘तसं एक होतं डॉक्टर, विशेष काही नाही...’ कॅज्युअल्टीत आम्ही त्या वाक्याची वाटच बघायचो. म्हणून आधी कागदावर लिहा: काय झालं, कधी, किती वेळ, कोणत्या गोळ्या. पट्ट्याच बरोबर न्या, ‘ती गुलाबी गोळी’ कुणालाच कळत नाही. पहिलं वाक्य मुख्य दुखण्याचं. ‘परवा सकाळी साडेआठला उजवा हात दहा मिनिटं चालत नव्हता आणि बोलता येत नव्हतं.’ एवढं ऐकल्यावर कुणीही डॉक्टर पेन खाली ठेवेल.

काही गोष्टींना घाई नसते पण तारीख लागते. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते, मागे राहिलेला खोकला दोनेक आठवडे रेंगाळतो, हे ठीक. पण खोकल्याने दोन आठवडे ओलांडले, त्यातून संध्याकाळचा बारीक ताप आणि घटलेलं वजन असेल, तर क्षयाची तपासणी करून घ्यायची. तोंडातला व्रण किंवा बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुधारला नाही, कुठे गाठ लागली, शौचातून रक्त गेलं, काही न करता कपडे सैल व्हायला लागले, तर कॅलेंडरवर खूण करून भेट ठरवा. यातलं बरंचसं दुखत नाही आणि म्हणूनच राहून जातं.

आणि आता तुमची ता. क. तीन पानं तुम्ही सगळ्या घराबद्दल लिहिलंत आणि कडीवर हात ठेवून स्वतःबद्दल दीड ओळ. पाळी पूर्ण एक वर्ष बंद राहिल्यानंतर दिसलेला कुठलाही डाग, एकदाच, थेंबभर, गुलाबी, तपकिरी, कसाही असो, तपासून घ्यावा लागतो. ‘वयाचं’ या खात्यात तो बसत नाही. घाबरू नका, दहापैकी साधारण नऊ जणींमध्ये कारण किरकोळ निघतं, बहुतेकदा आतलं अस्तर पातळ आणि कोरडं झाल्याचं. पण उरलेल्या एकीमध्ये तो गर्भाशयाचा कर्करोग असतो आणि हा डाग बऱ्याचदा त्याची पहिली खूण असते, म्हणजे वेळेत सापडायची संधी. आतून सोनोग्राफी होते, अस्तर जाड दिसलं तर त्याचा बारीक तुकडा काढून तपासतात.

यांच्या तपासण्यांच्या धावपळीत हे मागे पडणार, मला माहीत आहे. म्हणून यांचे रिपोर्ट आणायला जाल त्या दिवशीच स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेऊन ठेवा, मुलीला नातवासाठी अर्धा दिवस सुट्टी काढायला सांगा. डाग कोणत्या तारखेला दिसला, किती, नंतर पुन्हा दिसला का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे लिहून न्या. आणि आत गेल्यावर खुर्चीत बसताच पहिलं वाक्य तेच.

तुमची,
सिस्टर